जुन्या गाडीला टेस्ट माफ, मग करायची कशाला?

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये राहतो, माझ्याकडे 1967 ची मॉरिस मायनर आहे. इथे 40 वर्षांवरच्या गाडीला दरवर्षीची एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची तपासणी, माफ आहे म्हणून मी चार वर्षं केलीच नाही, तशीही गाडी वर्षाला जेमतेम 800 मैल फिरते. मित्र म्हणतो ही सूटच बंद करायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: मित्राचं मला निम्मं पटतं. 2012 पासून 1960 च्या आधीच्या गाड्यांना सूट होती, मे 2018 पासून ती 40 वर्षांवरच्या गाड्यांना मिळाली, फक्त गेल्या 30 वर्षांत गाडीत मोठे फेरफार झालेले नकोत. पण माफ झालीय ती टेस्ट, गाडी धड ठेवायची जबाबदारी नाही! धोकादायक अवस्थेतली गाडी चालवताना सापडलात तर 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट.

सूटवाले म्हणतात, हौशी मालक गाडीला पोटच्या पोरासारखं जपतात. जपतात हो, पण बरेचदा ते जपणं बॉनेटच्या पॉलिशपाशी थांबतं. तुमच्याच मायनरचं घ्या ना, पुढच्या सस्पेन्शनला खाली ट्रनियन, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा आटेवाला सांधा, असतो, चाक वळलं की तो आट्यांवर फिरतो, त्याला नेमाने ग्रीस लागतं, नाही दिलं तर आटे झिजत जातात आणि एक दिवस पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवताना सुटतात, चाक मुडपतं आणि गाडी गुडघ्यावर बसते. तिथे फक्त लाज जाते, हायवेवर झालं तर काय ते बघा. आणि वरून यातलं काही दिसत नाही, जॅकवर घेऊन चाक हलवलं तरच ढिलाई हाताला लागते.

कमी फिरते म्हणता, पण उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, व्हील सिलिंडर आतून गंजून चिकटतात, टायरची नक्षी नवीकोरी आणि बाजूला भेगा. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 0914 असेल तर तो 2014 च्या नवव्या आठवड्यातला. आपणच रोज बघतो म्हणून आपल्याला कळत नाही, परक्याने खालून टॉर्च मारलेली बरी.

सूट पूर्ण बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही, इतक्या कमी चालणाऱ्या गाडीला दरवर्षी टेस्ट जरा जास्तच होते. जर्मनीत एच नंबरप्लेटच्या, म्हणजे ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या, 30 वर्षांवरच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी तपासणी असते, तेवढं मला बरोबर वाटतं, आणि तिथली जुन्या गाड्यांची हौस त्यामुळे काही मेलेली नाही.

तुम्ही स्वतःहून एमओटी करून घ्या, कारला जास्तीत जास्त 54.85 पौंड लागतात. जुन्या गाड्या कळणारा टेस्टर शोधा, नव्या पोरांना ट्रनियन माहीत असेलच असं नाही. आणि हो, टेस्टच्या आदल्या दिवशी ग्रीस गन मारून जाऊ नका, ताज्या ग्रीसखाली ढिलाई लपते. टेस्ट झाल्यावर भरा.