गॅबोरोनला निघताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

बोत्सवानाच्या राजधानीत, गॅबोरोनला, हिरे कारखान्यात नोकरी मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. मुंबईत हिऱ्यांचं सॉर्टिंग, म्हणजे प्रतवारी, शिकलेल्या माणसाला बोत्सवाना म्हटलं की ओरापा आणि ज्वानेंग या दोन खाणीच आठवतात. तू मात्र तो देश फक्त भिंगातून पाहू नकोस.

आधी जमीन समजून घे. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट देश, आणि माणसं जेमतेम 24 लाख. बहुतेक भागावर कालाहारी वाळवंटाची वाळू. समुद्रकिनारा नाही. पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेतीपेक्षा गुरांवर भिस्त. गॅबोरोनमध्ये संगणकावर काम करणारा तुझा सहकारी शनिवारी गाडी काढून गावाबाहेरच्या गोठ्यावर, त्यांच्या ‘मोराका’वर, गुरं बघायला जाईल. त्याला हसू नकोस. लग्नात मुलीकडच्यांना गुरं दिली जातात, आणि घराची पत अजूनही पुष्कळदा गुरांवरून ठरते. डिसेंबरच्या सुट्टीत शहर ओस पडतं, कारण जो तो आपल्या मूळ गावी जातो. तेव्हा कोणी घरी बोलावलं, तर नक्की जा.

आता हिऱ्यांविषयी. 1966 साली इंग्रज गेले, तेव्हा हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन बांग्वातो जमातीची, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. त्यांच्या सरकारने 1967 मध्ये कायदा करून खनिजांचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे आणला. माझ्या मते त्या देशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय. स्वतःच्या लोकांच्या पायाखाली संपत्ती निघालेली असताना ती सगळ्यांची आहे असं म्हणायला फार मोठं मन लागतं. डी बिअर्स या हिरे कंपनीबरोबरची भागीदारी पुढे निम्मी-निम्मी झाली, आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. 2002 पासून एचआयव्हीची औषधं सरकारने मोफत दिली. आफ्रिकेत हे पाऊल सर्वांत आधी उचलणाऱ्यांपैकी हा देश होता.

सगळंच उजळ नाही. मध्य कालाहारीतल्या अभयारण्यातून तिथल्या मूळच्या सान लोकांना सरकारने बाहेर काढलं. त्यांना असं बाहेर काढणं बेकायदा होतं, असा निकाल देशाच्याच उच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला. हा विषय तिथे अजून दुखरा आहे. कोणी बोललं तर ऐकून घे, घाईने मत देऊ नकोस.

निर्यातीचा सुमारे चार-पंचमांश भाग हिऱ्यांचा, हेच आज त्यांच्या काळजीचं कारण आहे. प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांमुळे भाव पडले, खाणींचं उत्पादन कमी करावं लागलं, सरकारला पैशाची ओढाताण होऊ लागली. तरुण मुलांना काम नाही. 2024 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष हरला आणि सत्तांतर शांतपणे झालं.

म्हणून तुझ्या कामाविषयी अगदी आग्रहाने सांगतो. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्याकडे, मुख्यतः सुरतेत पडतात. कच्चा माल आमच्या जमिनीतून निघतो, तर त्यातला काही आमच्याच माणसांच्या हातून घडू दे, असं बोत्सवानाचं म्हणणं आहे, आणि ते रास्त आहे. त्यासाठीच तिथे हे कारखाने निघाले. तुझ्या हाताखाली तिथल्या मुली शिकतील. त्यांना नुसतं हिरे घासायच्या चाकावर बसवू नकोस. दगड कुठे कापायचा, डाग कुठून टाळायचा, वजन कसं वाचवायचं, हे मार्किंगचं ज्ञानही दे. आपल्या धंद्यात ते घरातल्या घरात ठेवायची सवय आहे. ती सवय इथेच ठेवून जा.

वागणुकीचं थोडं. कामाचं बोलण्याआधी बाईंना ‘दुमेला मा’, पुरुषांना ‘दुमेला रा’ म्हणून नमस्कार, मग ख्यालीखुशाली, मग काम. वस्तू देताना उजव्या हाताने दे, डावा हात उजव्याच्या कोपराला टेकव. गावची सभा, ‘खोत्ला’, भरते तिथे मुखियासमोर लहानमोठा कोणीही बोलू शकतो, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. कारखान्यातल्या बैठकीतही त्यांची तीच अपेक्षा असते. आपण मुंबईकर एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवतो. ते तिथे उद्धटपणा ठरेल.

रजा मिळाली की जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेतल्या माउन गावाला जा. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस ओकावांगो नदीतून काही महिने वाहत येतो आणि ऐन कोरड्या दिवसांत तिथे पूर चढतो. ते पाणी समुद्राला मिळत नाही. वाळूत पसरतं, बरंचसं वाफ होऊन जातं, आणि तेवढ्यात हत्तींपासून बगळ्यांपर्यंत सगळ्यांना पोसतं. तेव्हा रात्री कडाक्याची थंडी असते. स्वेटर आताच बॅगेत टाक.

पोहोचल्यावर सविस्तर लिही.

तुझा,
काका