बहिणीला (वय १७) ॲनोरेक्सिया आहे. समुपदेशन पुरेल की गोळ्या सुरू कराव्यात?

गोळ्यांचं आधी सांगते. वजन वाढेल या धास्तीनं खाणंच टाकायचा हा आजार, तो बरा करणारी गोळी नाही. ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या गोळीनं काहींना थोडा फरक पडतो, पण खरं औषध जेवणच, आणि ते कुणीतरी समोर बसून खाऊ घालावं लागतं. "तिला मोकळीक द्या, मनात येईल तेव्हा खाईल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

माझ्या लेकीला हाच आजार झाला तेव्हा आमच्या पहिल्या समुपदेशकानं हेच मोकळीक द्यायचं सांगितलं होतं. वर म्हणे, आई कडक म्हणून मुलगी अशी. थोरल्या जाऊबाईंना आयतंच कोलीत मिळालं. इकडे पोरगी रविवारी सगळ्यांना पांढरा रस्सा करून वाढायची, मीठ झालंय का विचारायची, आणि स्वतः भाकरीचे ज्वारीएवढे कण करून ताटाच्या कडेला लावत बसायची. गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं दूध तुळशीच्या कुंडीत. एप्रिलात स्वेटर. जाऊबाई म्हणायच्या, नाटकं आहेत. नाटकानं नाडी चाळिशीत जाते होय?

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना महिनोन्महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही चिडचिडे झाले, पाककृती वाचत बसायला लागले. त्यांच्या आया काय कडक होत्या?

पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी कुटुंबाला धरून करायची उपचारपद्धत सांगितली. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात तयार झालेली. आईबापाला दोष द्यायचा नाही, उलट ताट त्यांच्याच ताब्यात द्यायचं. काय, किती, कधी खायचं ते सुरुवातीला आपण ठरवायचं; वजन सावरलं की हळूहळू तिच्याकडं सोपवायचं. मी बिनपगारी रजा टाकली. ती रडायची, वाटी भिरकावायची; मी दुसरी वाटी भरायची. पाळी परत सुरू झाली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, कारण कुणाला सांगितलं नाही.

हे पोरवयात, आजार जुना व्हायच्या आत चांगलं लागू पडतं. मोठ्यांना सीबीटीसारखं, म्हणजे बोलून विचार आणि सवयी बदलायचे उपचार, असं काही बघतात. घरात मारझोड असेल तर ही पद्धत नकोच. आणि आजपासून ताट भरून वाढू नका हं. फार दिवस उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि हृदयावर येतं. आधी रक्त आणि ईसीजी, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं. चक्कर येत असेल, नाडी ५० च्या खाली असेल तर आधी ॲडमिट, बाकी सगळं नंतर.

अंगाबांध्यावर बोलणाऱ्यांना तिच्या ताटाजवळ फिरकू देऊ नका. "आता कशी गुटगुटीत दिसतेस" एवढ्यानं आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. आमच्याकडं ते कोण म्हणालं, सांगायला नकोच.