रोजच्या जगण्यात देवाशी विश्वासू आणि आज्ञाधारक कसं राहावं?

रविवारी उपासनेत मन भरून येतं, पण सोमवारी कामाच्या रगाड्यात सगळं विरून जातं, मग देवाच्या आज्ञेत राहायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी एक सांगतो, कारण ते निसटलं की पुढचं सगळं ओझं होऊन बसतं. ख्रिस्ताने आपल्याला आधीच जवळ केलं आहे, म्हणून आपण आज्ञा पाळतो. त्याने जवळ करावं म्हणून नव्हे. योहान 14:15 मध्ये प्रभू आज्ञापालन थेट प्रीतीशी जोडतो. मी हे रोज सकाळी स्वतःला आठवून देतो.

आता मूळ प्रश्नाकडे. देवाची इच्छा कळत नाही, अशी वेळ तशी कमी येते. बहुतेकदा ती कळलेली असते आणि आपण ती सोयीपुरती पाळतो. 1 शमुवेल 15 काढून वाचा. इस्राएलचे शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं काहीही राखायचं नाही, अशी इस्राएलचा राजा शौल याला देवाची आज्ञा होती. त्याने टाकाऊ तेवढं नष्ट केलं आणि धष्टपुष्ट मेंढरं, गुरं आणि त्यांचा राजा अगाग यांना वाचवलं. वर देवाचा संदेष्टा शमुवेल याला छातीठोकपणे सांगितलं की, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेलाने विचारलं, मग हे मेंढरांचं ओरडणं मला ऐकू येतंय ते कसलं? शौलाचं उत्तर तयार होतं: लोकांनी ती देवाला यज्ञ करायला ठेवली आहेत. पळवाट काढली तीही देवाच्याच नावाने! शमुवेलाने खडसावल्यावर मात्र खरं बाहेर आलं, तो लोकांना भ्याला होता.

या अध्यायापाशी मी नेहमी रेंगाळतो. आपण प्रार्थना करतो, दान देतो, मंडळीत सेवा करतो, आणि ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला फोन तेवढा करत नाही. मत्तय 5:23-24 मध्ये तर प्रभू सांगतो की अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

कामाच्या ठिकाणासाठी मला परक्या राजाच्या दरबारात अधिकारी असलेला दानीएल फार जवळचा वाटतो. सिंहांची गुहा सगळ्यांना ठाऊक असते, पण दानीएल 6:4 वाचा: विरोधकांनी त्याच्या राज्यकारभारात खोट शोधली आणि त्यांना ना गैरव्यवहार सापडला, ना हलगर्जीपणा. म्हणजे हिशेब चोख, काम वेळेवर, कोणी बघत नसतानाही. नंतर 30 दिवस राजाशिवाय कोणाकडेही मागणं करायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा तो पूर्वीप्रमाणेच दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. पूर्वीप्रमाणे हे महत्त्वाचं. सवय आधीपासून होती, म्हणून संकटात नव्याने बळ गोळा करावं लागलं नाही.

म्हणून सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी थोडं वचन वाचा आणि त्यातली एकच गोष्ट त्या दिवसाच्या एखाद्या खऱ्या कामाशी जोडा. उदाहरणार्थ, साहेब जागेवर असताना 'ते बाहेर गेलेत' असं फोनवर सांगायची वेळ आली, तर मी 'ते आत्ता बोलू शकत नाहीत' एवढंच सांगेन. अशी लहान वाटणारी ठिकाणं आधीच हेरून ठेवा, ऐनवेळी जीभ सवयीप्रमाणेच चालते.

पडलात तर प्रार्थना टाळू नका. 1 योहान 1:9 अशाच वेळेसाठी आहे. पाप कबूल करा, क्षमा स्वीकारा, त्याच दिवशी पुन्हा उभे राहा. आणि मंडळीतला एखादा विश्वासू माणूस गाठून त्याला तुमचं नेमकं दुखणं सांगा, म्हणजे तो आठवड्यातून एकदा स्पष्ट विचारू शकेल: त्या भावाला फोन केलास का?