पहिलाच ब्रोच हंटरस्टनचा नको रे!

हे बघ, जुन्या दागिन्यांच्या प्रतिकृती ओतायला नवीन माणूस आला की त्याला थेट हंटरस्टन ब्रोचच (स्कॉटलंडमध्ये सापडलेली, कपडा अडकवायची शोभेची मोठी पिन) करायचा असतो, मी पण तसाच होतो. पण ती साधारण इ.स. ७०० ची वस्तू, चांदीवर सोन्याचा मुलामा, वर केसासारखं बारीक तारकाम आणि अंबर, ते वर्षभरात जमणार नाही. आणि मुलामा त्या काळी पाऱ्याने द्यायचे, ते घरी अजिबात करू नकोस, वाफ विषारी असते.

त्यापेक्षा डनॅडपासून सुरू कर. स्कॉटलंडच्या आर्गाइलमधला तो किल्ला, दाल रियाटा या जुन्या गेलिक राज्याचं मोठं ठाणं, तिथे ७व्या शतकातल्या ओतकामाच्या मातीच्या साच्यांचे ढीगभर तुकडे सापडलेत. तुकडेच का? कारण वस्तू काढायची तर साचा फोडावा लागतो. मला तर तयार दागिन्यापेक्षा हे तुकडे जास्त शिकवतात, कारण कारागिराचा हात कसा चालला ते दिसतं.

तर आधी मेणाचा नमुना कर, साधी उघडी कडी आणि पिन, मातीच्या दोन फाकांमध्ये दाबून ठसा घे, फाका नीट बसाव्यात म्हणून कडेला खाचा ठेव, मग नमुना काढून साचा पूर्ण वाळव आणि भाज. वाळवण्यात घाई करू नकोस हां, ओल राहिली तर वितळलेलं कांसं उसळून अंगावर येतं! माझे पहिले तीन साचे तडकलेच, मातीत वाळू कमी पडली होती.

आणि फोटोवरून मापं काढू नकोस, हंटरस्टन ब्रोच जिथे आहे त्या एडिनबरोच्या नॅशनल म्युझियमच्या नोंदीत मिलिमीटर बघ, ब्रोचची पाठ बघायलाही विसरू नकोस. हंटरस्टनच्या पाठीवर तर नंतर कोणीतरी रून्स, म्हणजे जुन्या नॉर्स लिपीतली अक्षरं, कोरलेत.