सूज मिठाची, उपास पाण्याचा

किडनी कमजोर झालेल्यांच्या सुजेबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत. त्यातले काही एकत्र घेतो.

वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी किती कमजोर ते दाखवणारी रक्ततपासणी) २.८ आहे. पाय सुजतात म्हणून त्यांचं पाणी निम्म्यावर आणलं, तरी सूज हटत नाही. (तासगाव)

हटणार कशी? अंगात मीठ साचलं की ते पाणी धरून ठेवतं. लघवी चांगली होत असताना, उन्हात द्राक्षबागेत राबणाऱ्या माणसाचं पाणी तोडलं तर किडनीला त्रासच होतो. लघवी घटली असेल, डायलिसिस चालू असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर पाण्यावर बंधन लागतं. पण किती, ते डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्यांना नको.

साधं मीठ बंद करून सैंधव किंवा 'कमी सोडियम'वालं मीठ वापरावं का? (विटा)

दोन्ही नको. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे. रंग गुलाबी आणि भाव चढा, एवढाच फरक. दुसऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा: पोटॅशियम क्लोराइड. समोर हृदयाचं चित्र आणि मागे हे! निरोगी माणसाला ते चालून जाईल. पण कमजोर किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाही. त्यात टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते आणखी वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. पुड्यावरचा इशारा नेहमी नजरेस पडेल अशा जागी नसतो, आणि दुकानदार 'किडनी कशी आहे?' असं विचारत नाही.

मीठ खरंच कमी करायचं तर दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सगळ्या स्वयंपाकात मिळून जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. भाकरीच्या पिठात मीठ नको, ताटात वाढलेलं नको. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद. आपलं सांगलीचं भडंगही त्यातच आलं. चवीला लिंबू, लसूण, जिरं आहेच. पोटॅशियम आधीच वाढलेलं असेल तर लिंबू किती चालेल, हे आहारतज्ज्ञांना विचारा.

सूज वाढली की लघवीची गोळी एकाची दोन करू का? (पलूस)

स्वतःच्या मनानं नाही.

गुडघे दुखतात. मेडिकलमधून गोळी आणून घेते. सूज त्यामुळे असेल का? (मिरज)

असू शकते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मीठ-पाणी अडवतात आणि किडनीलाही इजा करतात. त्या आजच थांबवा आणि दुखण्यासाठी दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननंही घोटे सुजतात, पण ती आपणहून बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन दाखवायला जा. 'किडनी साफ' करणारा काढा चालू असेल तर त्याची बाटलीही न्या, लपवू नका.

सूज वाढतेय हे घरी कसं ओळखावं? (इस्लामपूर)

वजन करा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, पाण्याचं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का तेही बघा. एकाच पायाला अचानक सूज आली तर रक्ताची गाठ असू शकते, लगेच दाखवा.

आईला आडवं झालं की दम लागतो. रविवारी गावची जत्रा आहे, सोमवारी दाखवलं तर चालेल का? (जत)

नाही. पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं. हे वाचून होताच गाडी काढा.