शेजाऱ्याने भराव टाकला. आता पाणी कोणाच्या अंगणात?

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. शेजारची सखल जागा गेल्या वर्षी एकाने विकत घेतली आणि डिसेंबरपासून टिपर लावून तांबड्या मातीने भरून काढली. आमच्या अंगणातले पावसाचे पाणी त्याच जागेतून व्हाळात जायचे. आता तो म्हणतो, 'मी हद्द ओलांडलेली नाही. तुमची जागा पहिल्यापासूनच खाली आहे, वरचे पाणी तुम्ही घ्यायलाच हवे.' मोबाइलच्या अ‍ॅपवर पाहिले तर उंचीचा फरक दोन मीटर दाखवतो. मी भिंत घालून पाणी अडवू का? तो पाइप टाकून देतो म्हणतोय, ते मान्य करू का?

उत्तर : तुमच्या शेजाऱ्याचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि त्याच अर्ध्यावर तो तुम्हाला अडकवू पाहतो आहे. वरच्या जमिनीवरून आपसूक वाहत येणारे पाणी खालच्या जमिनीने घ्यायचे, हा नियम 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या (शेजारच्या जमिनींचे एकमेकींवरचे हक्क ठरवणारा कायदा) कलम 7 खालच्या उदाहरणांत आहे. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचाही रोख तोच होता. पण तो नैसर्गिक प्रवाहापुरता. टिपरने आणलेल्या मातीने जी जागा 'वरची' झाली, तिला हा हक्क मिळत नाही. म्हणजे सगळा वाद त्याच्या 'पहिल्यापासून' या एका शब्दावर येऊन थांबतो, आणि तो शब्द खोटा पाडायला तुम्हाला उंची मोजून घ्यावी लागेल.

बहुतेक अशील माझ्याकडे सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, घेऊन येतात. हे कागद हवेतच, पण प्लॅनमध्ये लांबी-रुंदी असते, उंची नसते. हद्दीची मोजणी मागितलीत तर दगड बरोबर जागेवर असल्याचा दाखला मिळेल, आणि तो शेजाऱ्याच्याच कामी येईल.

अ‍ॅपचे दोन मीटर विसरा. मोबाइलमधली उंची कित्येक मीटरने चुकू शकते. तो आकडा नोटिशीत घातलात तर उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसेल. त्याऐवजी लेव्हल मशीनवाला सर्व्हेयर बोलवा. यंत्राची दुर्बीण आडव्या रेषेत स्थिर करतात आणि ज्या ठिकाणची उंची हवी तिथे आकडे कोरलेली पट्टी, म्हणजे स्टाफ, उभी धरतात. आकडा जितका लहान, तितकी जागा उंच. इथे भलेभले गोंधळतात, वकीलही. समजा तुमच्या विहिरीच्या ओट्यावर वाचन 1.420 मीटर आले आणि त्याच्या भरावावर 0.385, तर भराव तुमच्या ओट्याहून 1.035 मीटर उंच. मग सामाईक गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाच्या, त्याच्या बाजूला, चिऱ्यांच्या पायथ्यापर्यंत माती उकरून स्टाफ ठेवला आणि 1.565 आले, तर मूळ जमीन तुमच्या ओट्याहून साडेचौदा सेंटिमीटर खाली होती आणि तिच्यावर 1.180 मीटर माती चढली. अशी तीन वाचने वकिलाच्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जड पडतात.

जुन्या पातळीची साक्ष शोधणे हेच यातले खरे काम. अर्धा बुंधा मातीत गेलेला माड, गडग्याचा पाया, भरावाखालचा काळसर मातीचा थर, जे सापडेल त्याचे स्टाफ उभा करून फोटो घ्या. उकरायचे असेल तर मात्र त्याच्या लेखी संमतीने किंवा कोर्टाच्या आदेशाने. चोरून कुदळ मारू नका.

मोजणीची सुरुवात शेजाऱ्याला हलवता येणार नाही अशा ठिकाणावरून करा : देवळाच्या दीपस्तंभाचा चौथरा, रस्त्यावरच्या मोरीचा कठडा. दोन ठिकाणे घ्या, आणि मोजणी फिरून पुन्हा पहिल्याच ठिकाणी आणून संपवायला सांगा, म्हणजे चूक किती ते कळते. किती मिलिमीटरचा फरक राहिला, तो फील्ड बुकात, म्हणजे जागेवरच वाचने टिपायच्या वहीत, लिहिलेला हवा. यंत्र तपासलेले होते का, मागचे (आधीच्या ठिकाणचे) आणि पुढचे (नंतरच्या ठिकाणचे) वाचन साधारण सारख्या अंतरावरून घेतले का, हे प्रश्न समोरून येणारच. मूळ फील्ड बुक जपून ठेवा. नुसती टाइप केलेली नक्कल पुरत नाही. सर्व्हेयर उद्या साक्षीला येईल का, हेही आधीच विचारा, कारण 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली तो तज्ज्ञ म्हणून उभा राहील. हे सारे जूनच्या आत करा. पहिल्या पावसात सैल माती दबते आणि पुरावाही तिच्यासोबत खाली बसतो.

मोजणीची वाट न पाहता एक काम आजच करा. गोव्याच्या 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 17अ नुसार, मुख्य नगर नियोजकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सखल जमीन भरता येत नाही. त्या खात्याकडे आणि उपजिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, पंचायतीला प्रत द्या, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. माहिती अधिकारात शेजाऱ्याच्या परवानगीची फाइलही मागा. त्याने कधी बांधकामासाठी अर्ज केला असेल आणि त्यात कंटूर प्लॅन, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, असेल, तर मूळ पातळी त्याच्याच अभियंत्याच्या सहीने तुमच्या हाती येईल. तसे झाले तर निम्मी लढाई तिथेच संपली.

दिवाणी दावा लावताना मनाईसोबत भराव हटवण्याचा आदेशही मागा. कोर्ट कमिशनरसाठी, म्हणजे कोर्टाने जागा पाहायला पाठवलेल्या माणसासाठी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली अर्ज करावा लागेल. 'जागेची पाहणी करावी' एवढेच लिहिले तर कमिशनर टेप घेऊन येईल आणि लांबी-रुंदीचा नकाशा देऊन जाईल. कोणत्या बिंदूंची उंची, कोणत्या बेंचमार्कवरून (मोजणी सुरू करायच्या पक्क्या ठिकाणावरून), कोणत्या यंत्राने, हे अर्जातच घाला. तुमचा पुरावा गोळा करून देण्यासाठी कोर्ट असा कमिशनर नेमत नाही, म्हणून तुमची मोजणी आधी हवी.

भिंत सध्या घालू नका. भरावाखालची मूळ जमीन एखाद्या कोपऱ्यात तुमच्यापेक्षा उंच निघाली, तर त्या कोपऱ्यातला नैसर्गिक प्रवाह तुम्ही अडवला असे होईल.

पाइपाचा प्रस्ताव वाईट नाही. अंगण वाचणार असेल तर कोर्टापेक्षा तो स्वस्त. पण 'पाइप टाकून देतो' एवढ्यावर सही करू नका. वीस मीटरच्या पाइपाला शंभरास एक उतार द्यायचा तर त्याचे व्हाळाकडचे टोक तुमच्या अंगणाकडच्या तोंडाहून वीस सेंटिमीटर खाली हवे, आणि भर पावसात व्हाळाचे पाणी त्या टोकाच्या वर चढले तर तोच पाइप उलटा तुमच्याकडे वाहील. दोन्ही टोकांची उंची त्याच दीपस्तंभाच्या चौथऱ्यापासून मोजून करारात लिहा, पाइप कोण साफ करणार तेही लिहा, आणि तक्रार मागे घ्यायची तर एक पावसाळा उलटल्यावरच.