किल्ली कोणाकडे?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याची लायसन्सची रिव्हॉल्व्हर बेडरूमच्या कपाटात कपड्यांखाली असते, तीही लोडेड, मुलगा ९ वर्षांचा, आणि नवरा म्हणतो त्याला जागाच माहीत नाही. आणि तू विचारतेस, कुठलं लॉक घेऊ?

आधी पोराचं. त्याला माहीत असणारच गं, आपण नाही का लहानपणी लपवलेला खाऊ बरोब्बर शोधायचो! अमेरिकेत २००६ साली एक पाहणी छापून आली होती, त्यात मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या आईबापांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच पोरांनी खोटं पाडलं. त्यामुळे लपवाछपवी बाद. गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर स्टीलच्या लॉकरमध्ये, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ली ड्रॉवरमध्ये नाही, अंगावर. ट्रिगर लॉक, म्हणजे चापावर बसवायचं कुलूप, भरलेल्या रिव्हॉल्व्हरला लावायचंच नसतं. आणि हे सगळं नवऱ्यानेच करायचं, तू हात लावू नकोस.

पण मधेच तू घाईघाईत एक ओळ लिहून पुढे गेलीस, की भांडणात दोनदा त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली, बोलले काहीच नाहीत, "चिडले की करतात असं". मी तिथेच अडकले. ही धमकीच आहे, तोंडाने बोलला नाही म्हणून काय झालं? अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या खुनांचा अभ्यास २००३ मध्ये आला, छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असली की बाईचा खून व्हायचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. आता सांग, लॉकरची किल्ली त्याच्याच खिशात असेल तर पोरगा वाचेल, तुझं काय?

म्हणून माझं म्हणणं, ती रिव्हॉल्व्हर घरातूनच जाऊ दे. पण हा विषय तू एकटीने काढू नकोस, भांडणात तर नाहीच. आधी महिला हेल्पलाइनला फोन कर, तुझ्या फोनवरून नको, तो कॉल बघत असेल. त्या बायका रोज हेच ऐकतात, घरातून कसं निघायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, त्याच्याशी कोणी आणि कसं बोलायचं, सगळं नीट ठरवून देतात. तोवर परत टेबलावर आली तर वाद घालत बसू नकोस, समजूतही काढू नकोस, पोराला घे आणि बाहेर पड, पोलिसांना फोन बाहेरून.

आणि मला पाठवलेलं पत्र फोनमध्ये असेल तर आत्ताच डिलीट कर.